वाळल्या रानातला मुक्काम

पोरी,

परवा तू फोनवर सांगितलंस की ऑक्टोबरात तुम्ही तिघं कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीत जाणार, तीन रात्री, आणि तेही कॅम्पग्राउंडवर नाही, मोकळ्या रानात. मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन मामीकडे दिला. फोन ठेवल्यावर मामी म्हणाली, "तुमच्याच्यानं आता राहवणार नाही. लिहून काढा एकदाचं." म्हणून लिहितोय. जावईबापूंनाही दे वाचायला. टायरचा भाग तर त्यांच्यासाठीच आहे.

याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. सरकारी मोकळ्या जमिनीवर, जिथे नळ नाही, संडास नाही, टेबल नाही, कचऱ्याचा डबा नाही आणि भाडंही नाही, तिथे आपलं बिऱ्हाड आपण मांडायचं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या खात्याच्या बहुतेक जमिनीवर एका ठिकाणी १४ दिवसांपर्यंत राहू देतात. माझा आजा हयातभर हेच करत आला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणदेशातून खाली कोकणाकडे, पाऊस जवळ आला की परत. घोड्यावर बिऱ्हाड, खांद्यावर घोंगडं, रात्री वाघूर लावून मेंढरं आत. त्याला कॅम्पिंग म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी १९८६ साली या देशात आलो, आणि पुढे कधीतरी बिशपच्या उत्तरेला टेबललँड्सवर पहिल्यांदा तंबू ठोकला तेव्हा ध्यानात आलं की हे काम आपल्याला येतं. फक्त मेंढरं नाहीत.

तो मुलूख मला परका वाटला नाही याचं कारण पाऊस. आपल्याकडे महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आमच्या दहिवडीला पाचशेची मारामार. सह्याद्रीने ढग अडवले की पुढे नुसता वारा. सिएरा नेवाडा तेच करते. पॅसिफिकवरून आलेले ढग पश्चिमेच्या उतारावर रिकामे होतात आणि पूर्वेला बिशप गावाला वर्षाकाठी जेमतेम पाच इंच मिळतात, मिलिमीटरमध्ये धर सव्वाशे-दीडशे. फरक उंचीचा. दरीचा तळच चार हजार फुटांवर. पश्चिमेला सिएराची भिंत, तिच्यात माउंट व्हिटनी १४,५०५ फूट. पूर्वेला व्हाइट आणि इन्यो पर्वतांची रांग, तीही काही लहान नव्हे. महाबळेश्वरच्या उंचीवर दहिवडी नेऊन ठेवली आणि दोन्ही बाजूंना हिमालयाचे धाकटे भाऊ उभे केले, असं समज.

आता आधी जमीन कोणाची ते बघ. नवखी माणसं इथेच फसतात. दरीच्या तळाशी, नदीकाठी, कॉटनवुडची पिवळी झाडं ऑक्टोबरात अशी काही उभी असतात की तू म्हणशील, मामा, हीच जागा. ती जागा बहुतेक लॉस एंजेलिस शहराच्या पाणी-वीज खात्याची असते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या शहराने या दरीतलं पाणी न्यायचं ठरवलं, पाण्यासाठी जमिनी घेतल्या, आणि १९१३ साली २३३ मैलांचा कालवा सुरू केला. खालचं ओवेन्स सरोवर पुढे कोरडं पडलं. आजही दरीतली सुमारे अडीच लाख एकर जमीन त्या शहराची आहे. दिवसा फिरा, मासे धरा, कोणी हटकत नाही. रात्रीचा मुक्काम चालत नाही. काही जमीन पायूट लोकांच्या वस्त्यांची आहे, तिथे तर विचारल्याशिवाय पाऊलही टाकायचं नाही. बीएलएमचा कागदी नकाशा घे. पिवळा रंग बीएलएमचा, हिरवा वनखात्याचा. गाडी त्या दोन रंगांत असली तरच थांबायचं.

अलाबामा हिल्सचं नाव तुझ्या मैत्रिणींनी सांगितलं असणार. जागा सुंदर आहे, प्रश्नच नाही. १९३९ सालचा 'गंगा दिन' नावाचा हॉलिवूडपट तिथे काढला होता, आपला वायव्य सरहद्द प्रांत म्हणून! आम्ही दोघं तो बघताना मामी दर पाच मिनिटांनी म्हणायची, "हे लोन पाइन आहे." पण गर्दीने त्या रानाची पार दशा झाली, २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि आता तिथे फुकटचा का होईना, परवाना काढून नेमून दिलेल्या जागीच राहायचं असतं. तिथे दिवसा जा, फोटो काढ, आणि रात्रीला दुसरीकडे.

दुसरीकडे कुठे, ते मी सांगणार नाही. जागा सांगितली की तू ती चार जणींना सांगशील आणि पुढच्या वर्षी तिथे बारा गाड्या उभ्या असतील. जागा ओळखायची कशी, ते सांगतो.

आजा म्हणायचा, "आधी कुणी बसलंय तितंच बसायचं. न्हाई तर रान मोडतंय." तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्याला नवी जागा साफ करायचा कंटाळा आहे. इथे आल्यावर त्याचा अर्थ कळला. पाच इंच पावसाच्या जमिनीला एकदा ओरखडा पडला की तो भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. १९४२ साली जनरल पॅटनने दक्षिणेकडे मोहावे वाळवंटात रणगाड्यांच्या सरावाचा तळ टाकला होता. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग आजही जमिनीवर दिसतात. कोकणात बैलगाडीची चाकोरी एका पावसाळ्यात गवताखाली जाते. इथे तुझ्या गाडीने वाचवलेली दहा पावलं तुझ्या मुलाच्या मुलाला दिसतील. तेव्हा रस्त्यावरून फुटलेला जुना फाटा बघ, त्याच्या शेवटी टणक, उघडी, आधी कोणीतरी तंबू टाकलेली जागा असते. तीच घे. झुडपं काढून नवी करू नकोस. आणि दगड गोळा करून चुलीचं नवं वर्तुळ मांडू नकोस. आधीच तिथे जरुरीपेक्षा तीन जास्त असतात.

आता त्या जुन्या जागांतही तीन ठिकाणी बसायचं नाही.

पाण्याच्या काठाशी नाही. किमान दोनशे फूट लांब. आजा तर त्याहून लांब राहायचा, कारण रात्री दुसऱ्याची जनावरं पाण्यावर येतात आणि माणूस दिसला की बुजून तशीच परत जातात. तिथे हरणं आहेत, कोल्हे आहेत, कायोटी आहेत. मैलोन्‌मैल एकच झरा असतो. त्यांचं पाणी अडवून बसायचं नाही.

खोलगटात नाही. रात्री गारठा पाण्यासारखा वाहतो आणि तळाला साचतो. शे-पन्नास फूट वरच्या अंगाला तंबू असला तर पहाटे जाणवण्याइतका फरक पडतो. मी एकदा बाटल्यांवरून पडताळा घेतलाय: खाली गाडीजवळच्या बाटलीत बर्फ, वर तंबूजवळच्या बाटलीत पाणी.

आणि ओढ्यात नाही. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक माझी आहे, आणि ती माणगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाने केली याची मला अजून लाज वाटते.

साल आठवत नाही, महिना ऑगस्ट. आम्ही दोघंच. एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ज्याला इथे वॉश म्हणतात, छान सपाट बारीक वाळू होती, दोन्ही बाजूंनी आडोसा. मामी म्हणाली, वर त्या टेकाडावर लावू. मी म्हणालो, वाळू मऊ आहे, पाठीला बरी. दुपारी तीनच्या सुमारास सिएराच्या माथ्यावर एक काळा ढग बसला होता. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि सेजच्या झुडपाचा. मला बरं वाटलं! मग लांबून ट्रक चढावर यावा तसा आवाज. रस्त्याकडे पाहिलं तर ट्रक नाही. मामीने ओरडून माझा दंड धरला आणि ओढलं, तेव्हा पात्राच्या वळणावर ते दिसलं. पाणी असं दिसतच नव्हतं. काटक्या, शेण, बाभळीएवढं एक झुडूप आणि तपकिरी फेस यांची गुडघाभर उंच जीभ वाळू चाटत येत होती. माणसाच्या चालीपेक्षा फार वेगात नाही. पण तिच्यामागे जे होतं त्याला वेग होता. आमचा कूलर, दोन खुर्च्या, तंबू आणि माझा डावा बूट गेला. चाळीस मिनिटांत ओढा पुन्हा कोरडा. कूलर मैलभर खाली सापडला, आतली अंडी शाबूत. मामी ती गोष्ट आजही सांगते, आणि त्यात मी दरवेळी थोडा अधिक मूर्ख होतो.

ऑक्टोबरात असे वळीव कमी. पण सवय म्हणून बघ: कडेच्या झुडपांच्या बुंध्यांना काटक्यांचा गुंता अडकलेला दिसला की पाणी तिथपर्यंत येतं. वरचा डोंगर अलीकडे जळलेला असेल तर आणखी जप. २००७ मध्ये इंडिपेंडन्स गावाच्या वरचं रान जळलं आणि पुढच्याच जुलैत ओक क्रीकला चिखल-दगडांचा असा लोंढा आला की घरं गेली, माशांच्या जुन्या उबवणी केंद्रात चिखल भरला. जळलेल्या उताराला पाणी धरता येत नाही.

पोचायचं दुपारी तीनच्या आत. सिएरा पश्चिमेला आणि एवढी उंच, त्यामुळे घड्याळातल्या सूर्यास्ताच्या तासभर आधीच सावली तुमच्या अंगावर येते, आणि सावली आली की स्वेटर लागतो. अंधारात जागा शोधणारा माणूस नेमका ओढ्यात जाऊन बसतो.

वाऱ्याचं एक आहे. माथ्यावर भिंगासारखे, एकावर एक ताटल्या रचाव्यात तसे गुळगुळीत ढग दिसले की फोटो काढ आणि लगेच तंबूच्या दोऱ्या आवळ. सिएरावरून उसळी घेऊन खाली आपटणाऱ्या वाऱ्याची ती खूण. १९५१-५२ मध्ये बिशपहून ग्लायडर उडवून शास्त्रज्ञांनी त्या वाऱ्याचाच अभ्यास केला. वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भर, तिला दोरी बांध, हातभर खोल पुर आणि वर पाय देऊन दाब. दगड वापरलेस तर निघताना जिथले तिथे ठेव. तंबूचं तोंड वाऱ्याच्या पाठीकडे. आणि तंबू लावल्यावर आधी अंथरुणं आत टाक, रिकामा तंबू म्हणजे पतंग.

पाणी. माणशी रोज चार लिटर, हे फक्त पिण्या-रांधण्याचं. तुम्ही तिघं, चार दिवस, झाले ४८ लिटर. हात धुणं, भांडी, आणि गाडी अडकली तर एक दिवस जास्त, असे ६० लिटरच्या वर घेऊन जा. एका मोठ्या कॅनमध्ये नाही, तीन-चारांत. एक फुटला तरी बाकीचे राहतात. भांडी आधी राखेने किंवा वाळूने घासून पुसायची आणि मग तांब्याभर पाण्यात विसळायची. तुझ्या आजीला हे सांगावं लागलं नसतं. रात्री निजण्याआधी चहाचं पाणी पातेल्यात ओतून ठेव. सकाळी कॅनचं तोंड गोठलं असलं तरी पातेल्यातला बर्फ शेगडीवर सरळ तापतो.

जेवणाचं सांगतो, कारण मागच्या वेळी तुम्ही राजमा नेला होतात हे मला कळलंय. चार हजार फुटांवर पाणी साधारण ९६ अंशांना उकळतं, आठ हजारांवर ९२ ला. पाणी उकळत राहतं आणि दाणा शिजत नाही, गॅस मात्र संपतो. छोटा कुकर ने. दोन शिट्ट्यांची खिचडी तीन शिट्ट्यांत होते, एवढाच फरक. नाहीतर पिठाचं खा: पिठलं, थालीपीठ, आणि हुलग्याचं माडगं. माडग्याला आमच्याकडे गरिबाघरचं म्हणायचे, म्हणून पुण्यात गेल्यावर मी दहा वर्षं त्याचं नाव काढलं नाही. आता मीच हुलगे भाजून दळून ठेवतो. दोन चमचे पीठ, पाणी, मीठ, गूळ, दोन उकळ्या, आणि पहाटेच्या थंडीत वाटी दोन्ही हातांत धरायची. पीठ मामी काढून ठेवेल, घेऊन जा. भाकरी मात्र घरून करून ने. वाऱ्यात भाकरी थापायचा हट्ट मी एकदा केलाय.

हवा इतकी कोरडी की दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त येतं आणि माणूस घाबरतो. झोपताना नाकपुडीत तुपाचं बोट फिरव, ओठांनाही लाव. नातवाने, म्हणजे तुझ्या लेकाने, पाणी मागेपर्यंत थांबू नकोस, दर तासाला पाज. टायोगा खिंडीतून जाणार असाल तर ती ९,९४३ फुटांवर आहे. समुद्रसपाटीजवळच्या फ्रीमॉंटमधून निघून काही तासांत तिथून जाता, डोकं दुखणारच. पहिली रात्र दरीत काढा, वर आठ-नऊ हजारांवर दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबरात ती खिंड बर्फाने अचानक बंदही होते, निघताना रस्त्याची खबर घ्या.

आता परसाकडचं. याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

इंग्रजीत पुस्तकं आहेत यावर. त्या सगळ्यांचा अर्धा घोळ कागदाचा आहे. त्या वाळवंटात कागद कुजत नाही. वारा उकरतो, कायोटी उकरतो, आणि प्रत्येक बऱ्या झुडपामागे पांढरी निशाणं फडफडतात. इथे आपलं टमरेल जगात पहिलं येतं. दीड लिटरची बाटली, झाकणाला खिळ्याने भोक. कागदच नाही, तर कागदाचा प्रश्न नाही. खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाणी-वाट-मुक्काम यांच्यापासून ७० पावलं लांब, जिथे थोडी काळी माती आणि मुळं असतील तिथे. काम झालं की तीच माती परत आणि वर एक दगड. लहान मुलांचे ओले वाइप्स मात्र कधीही पुरायचे नाहीत, ते प्लॅस्टिक आहे. दुहेरी पिशवीत घालून घरी. व्हिटनीच्या वाटेवर तर सगळंच पिशवीत घालून खाली आणावं लागतं, तसा नियम आहे. त्या पिशव्या आउटडोअरच्या दुकानात मिळतात. खडकाळ जागा असेल किंवा खड्डा खणताना आधीचा कोणाचा लागला, तर तीच पिशवी वापर. पहिल्या दिवशी जावईबापू लाजतील. दुसऱ्या दिवशी टमरेल स्वतः मागतील.

आग. कॅलिफोर्नियात अशा जमिनीवर नुसती गॅसची शेगडी पेटवायची तरी परवाना लागतो. फुकट आहे, इंटरनेटवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतो, वर्षअखेरपर्यंत चालतो. छापून जवळ ठेव. पण परवाना आहे म्हणजे शेकोटी चालते असं नाही. उन्हाळ्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत बऱ्याचदा शेकोटीला बंदी असते, शेगडीला मुभा. निघायच्या आदल्या दिवशी बिशपच्या रेंजर ऑफिसला फोन करून विचार. मला विचारशील तर शेकोटी करूच नकोस. रानातलं वाळकं लाकूड तिथल्या किड्यामुंग्यांचं घर आहे, बाहेरून नेलेल्या लाकडातून तुमच्याकडची कीड तिथे जाते, आणि शेकोटीकडे बघत बसलं की आकाश दिसत नाही. तरी केलीसच, तर पाणी ओत, ढवळ, परत ओत, आणि राखेत उघडा हात घाल. हात घालवत नसेल तर विझलेली नाही.

आकाशाचं सांगायचं राहिलंच असतं. नातवाला मुद्दाम जागं ठेव. ध्रुव शोधायला लाव. पुण्यातून तो क्षितिजापासून १८-१९ अंशांवर, झाडामागे लपलेला असतो. तिथे ३७ अंशांवर, दुप्पट उंच. अक्षांश काय ते शाळेत न शिकवता कळतं. रात्री अकरा-बाराला पूर्वेच्या डोंगरावरून मृगाचं तिकांडं वर येईल. आजा त्यावरून रात्र मोजायचा आणि राखणीची पाळी बदलायचा. पण अगस्ती दिसणार नाही. आपल्याकडे पाऊस सरला की दक्षिणेला ठळक दिसतो तो, पाणी निवळलं म्हणायचे त्याला पाहून. तिथून तो क्षितिजाला जेमतेम लागतो आणि डोंगर त्याला गिळतात. पहिल्या काही वर्षांत मी हट्टाने दक्षिणेकडे तोंड करून बसायचो. मामी म्हणायची, "या, चहा गार होतोय."

झोपताना अंगावर किती घेता याहून अंगाखाली काय आहे हे महत्त्वाचं. हवेची गादी एकटी पुरत नाही, खाली फोमची चटई, आणि असलंच तर आपलं घोंगडं. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. सोयीचा बघायचा, जेमतेम जगण्याचा नाही. दरीत त्या महिन्यात पहाट तीन-चार अंशांपर्यंत उतरते, वर शून्याखाली. बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे, विंचू असतात. दुपारी खडकात हात घालताना आधी डोळा घालायचा. तिथला साप शेपूट वाजवून सांगतो, पण दरवेळी नाही.

जुन्या खाणकामगारांच्या झोपड्या दिसतील, छप्पर असेल, पोराला आत जावंसं वाटेल. आत झोपायचं नाही, झाडायचंही नाही. तिथल्या उंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस होतो, छातीचा जीवघेणा आजार. खाणीच्या बोगद्यात तर डोकावायचंही नाही. टेबललँड्सवर खडकांत कोरलेली चित्रं आहेत, पायूट लोकांना ती देवघरासारखी. २०१२ मध्ये कोणी करवतीने कापून त्यांतली काही चोरून नेली. बोटही लावू नका, घामाचं तेल लागतं. काळा चमकदार दगड, ऑब्सिडियन, नातू खिशात घालेल. त्याची धार बघ: कोणीतरी बाणाच्या टोकासाठी फोडलेला असतो. जिथे उचलला तिथेच ठेवायला लाव. रडेल थोडा.

हरणांच्या शिकारीचा हंगाम त्याच सुमारास असतो, भडक रंगाचे कपडे घाला.

जावईबापू, आता तुम्ही. निघण्याआधी डिकी उघडून बघा, स्टेपनी आहे का. नव्या गाड्यांत बऱ्याचदा नुसतं पंक्चरचं किट असतं, ते धारदार दगडाने कापलेल्या टायरला काही करत नाही. बिशपला टाकी भरा, महाग असली तरी, आणि अर्ध्यावर आली की परत फिरा. पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर गाडी खडखडेल, दात वाजतील, सावकाश चालवा. वाळूत चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा. दाबलात तर गाडी पोटावर बसते. चारी टायरची हवा २० पर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू फावड्याने काढा, पायाखालच्या चटया चाकाखाली घाला, आणि हळू बाहेर या. म्हणून हवा भरायचा छोटा पंप जवळ हवा, नाहीतर हवा उतरवून बसाल. गाडी खरोखर बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. फोनमध्ये नकाशे घरूनच उतरवून घ्या, तिथे सिग्नल नसतो. नव्या फोनांतून उपग्रहामार्फत मदत मागता येते, ते कसं करायचं हे घरच्या अंगणात शिकून जा.

कुठल्या रस्त्याने जाणार, कोणत्या पिवळ्या तुकड्यावर राहणार, गाडीचा नंबर, परत कधी येणार, एवढं कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि त्याचा फोटो मामीला पाठवा. मला नको, माझा फोन कुठे असतो मलाच माहीत नसतं. रविवारी रात्री नऊपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मामी इन्यो काउंटीच्या शेरीफला फोन करेल. करेल म्हणजे करेलच. गावात पोचल्यावर आधी कळवा, मग बर्गर खा.

निघताना तंबू काढल्यावर नातवाला एक खेळ दे. त्या जागेवर रांगत फिरायचं आणि आपलं काय काय राहिलं ते शोधायचं. शेंगांची टरफलं, तंबूची खुंटी, बॅटरीचं झाकण. त्याला जे दिसेल ते तुम्हा दोघांना दिसणार नाही. मागच्याने टाकलेलं असेल तेही उचला.

खुरपं माझ्या गॅरेजमध्ये डाव्या फळीवर, रंगाच्या डब्यामागे आहे. मूठ सैल झालीय, आधी ठोकून घ्या. परत आणाल तेव्हा धुऊन आणा. मामी त्याच खुरप्याने कोथिंबीर लावते.

तुझा मामा